गोदावरीचे सेवापुस्तक

शासकीय सेवेत असताना शेकडो सेवापुस्तके आमच्या हातांखालून गेली. नेमणूक, रुजू दिनांक, बदल्या, वेतनवाढी, एखादा शेरा आणि अखेरीस सेवानिवृत्ती. तीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य एवढ्या मोजक्या नोंदींत बसविलेले असते. त्या माणसाने ऐन पुराच्या रात्री कोणत्या गावी मुक्काम केला, कोणते संकट टाळले, याची नोंद तेथे नसते; कारण टळलेल्या संकटाला रकाना नाही. निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धातील सागरी इतिहास वाचण्याचा नाद लागला, आणि तेथे असेच एक सेवापुस्तक आमच्या दृष्टीस पडले. ते माणसाचे नव्हे, एका लहानशा युद्धनौकेचे होते. तिचे नाव होते 'गोदावरी'.

आदिलाबादच्या मराठी वाचकाने या नावापाशी थबकावे, हे स्वाभाविक होय. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली ही नदी बासरला सरस्वतीच्या पायांशी येते, मंचेरियाल, चेन्नूर मागे टाकते आणि प्राणहितेला पोटात घेऊन पूर्वेच्या सागराकडे निघून जाते. आमच्या जुन्या जिल्ह्याची दक्षिण सीमा तिनेच आखलेली होती. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी, मध्ये रान. समुद्र आम्हांला ठाऊक होता तो भूगोलाच्या पुस्तकातून.

तरीही त्या महायुद्धात आमचा मुलूख समुद्रावर अगदीच अनुपस्थित नव्हता. निजामांनी दिलेल्या देणगीमुळे एका विनाशिकेला 'निजाम' असे नाव देण्यात आले. ती १९४० च्या जुलैत स्कॉटलंडमध्ये पाण्यात सोडली गेली आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल होऊन लढली. त्याच १९४० साली, त्याच निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम धारातीर्थी पडले. राज्याची तिजोरी एकच. तिच्यातून दूरच्या समुद्रावरील जहाजाला पैसा मिळत होता, आणि जल, जंगल, जमीन मागणाऱ्या गोंडांना गोळी. इतिहासाच्या जमाखर्चात या दोन नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या जात नाहीत. आम्हांला मात्र त्या तशाच वाचाव्याशा वाटतात.

आता 'गोदावरी'कडे वळू. रॉयल इंडियन नेव्हीकरिता त्या काळी ब्रिटनमध्ये सहा 'स्लूप' बांधल्या गेल्या. स्लूप म्हणजे व्यापारी जहाजांच्या तांड्याबरोबर पहारा देत जाणारी लहान नौका. सहाही जणींना नद्यांची नावे मिळाली: सतलज, जमुना, नर्मदा, गोदावरी, कावेरी आणि कृष्णा. इंग्रजांनी ती आपल्या उच्चाराप्रमाणे 'नर्बदा', 'किस्त्ना' अशी लिहिली, एवढेच. स्नानाच्या वेळी आपल्याकडे ज्या सात नद्यांचे स्मरण करतात, त्यांपैकी चार या सहा जणींत होत्या. नाव ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला याची कल्पना असण्याचे कारण नाही. पण तांब्याभर पाण्यात साऱ्या नद्यांना बोलावणाऱ्या समाजाला तो योगायोग सुखावून जातो.

'गोदावरी'ची बांधणी थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या साउदॅम्प्टन येथील गोदीत झाली. जानेवारी १९४३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर सेवेत रुजू झाली. लांबी सुमारे तीनशे फूट, वजन तेराशे टनांच्या आसपास, वेग ताशी एकोणीस-वीस नॉट, चार इंची सहा तोफा. मोठ्या युद्धनौकांच्या मानाने हा आकार म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत नायब तहसीलदाराचा असावा तसा. मात्र तांड्याबरोबर जाण्याचे काम अशांनाच करावे लागे.

हे काम मोठे कंटाळवाणे. तांड्यातील सर्वांत मंद जहाजाची जी चाल, तीच साऱ्यांची चाल. त्यांच्या आजूबाजूला घिरट्या घालीत रात्रंदिवस पाण्याखालचा आवाज ऐकत राहावयाचे. काहीच घडले नाही, तर काम उत्तम झाले. आणि काहीच न घडल्याबद्दल पदक मिळत नाही. घडले तर काय होते, हे १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीवजवळ दिसून आले. 'खेदिव्ह इस्माइल' हे सैनिक वाहून नेणारे जहाज जपानी पाणबुडीने काही मिनिटांत बुडविले आणि सुमारे तेराशे माणसे गेली. सोबत रक्षक नौका असूनही हे घडले. हिंदी महासागरात त्या वेळी जपान्यांच्या जोडीला जर्मन पाणबुड्याही शिरल्या होत्या. मलायातील पेनांग बंदर हा त्यांचा तळ होता.

पाणबुडीचा शोध घेण्याचे साधन म्हणजे 'अॅस्डिक'. पाण्यात ध्वनीची लहर सोडावयाची आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढावयाचे. अडचण अशी की, जहाज अगदी जवळ पोहोचले की प्रतिध्वनी हरवतो. आणि पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे सुरुंग तर जहाजाच्या पाठीमागून टाकावयाचे. म्हणजे ऐन घाव घालण्याच्या क्षणी शिकारी आंधळा! यावर उपाय म्हणून 'हेजहॉग' हे अस्त्र निघाले. त्यातून चोवीस लहान बॉम्ब एकाच वेळी जहाजाच्या पुढच्या बाजूस फेकले जात; ते पाणबुडीवर आदळले तरच फुटत. आवाज झाला नाही, तर नेम चुकला असे समजावयाचे आणि पुन्हा कान लावावयाचा.

१९४४ च्या एप्रिलमध्ये युरोपातून निघालेली यू-१९८ ही लांब पल्ल्याची जर्मन पाणबुडी ऑगस्टमध्ये आफ्रिकेच्या पूर्वेस वावरत होती. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिने दोन ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडविली. तिच्या मागावर दोन लहान विमानवाहू नौका आणि काही रक्षक नौकांचा जथा निघाला. त्यांत आमची 'गोदावरी' होती. १० ऑगस्ट रोजी एका विमानाने पाणबुडीला हेरले, आणि १२ ऑगस्टला सेशेल्स बेटांजवळ ब्रिटिश फ्रिगेट 'फिंडहॉर्न' व 'गोदावरी' यांनी तिला गाठून बुडविले. हे यश दोघींच्या नावे मांडलेले आहे. फिंडहॉर्न हीसुद्धा नदीच, स्कॉटलंडमधील. दोन दूरच्या नद्यांनी मिळून केलेली ही कामगिरी म्हणावी लागेल.

पाणबुडीवरील सहासष्टच्या सहासष्ट माणसे मेली. कोणीही वाचले नाही. विजयाच्या नोंदीत हा आकडा एका ओळीत येतो. तो वाचताना आम्ही थोडे थांबलो. तेही कोणाच्या तरी गावचे तरुण होते, आणि त्यांच्या हातून बुडालेल्या जहाजांवरही कोणाच्या तरी गावची माणसे होती.

या नौकांवर चाकरी करणारे खलाशी कोण होते? युद्धापूर्वी या नौदलात भरती होणाऱ्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान खलाशी आणि पंजाबी मुसलमान यांचा भरणा होता; युद्धकाळात सर्व प्रांतांतून तरुण आले. कोकणी मुसलमानांच्या घरी दर्यावर्दीपणा पिढीजात. युद्ध संपले, पण त्यांच्या पदरी तोच निकृष्ट शिधा, तोच कमी पगार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची तीच मग्रुरी आली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या संदेशवहनाच्या प्रशिक्षण तळावर ठिणगी पडली आणि बघता बघता उठाव जहाजाजहाजांवर पसरला. कराचीत 'हिंदुस्तान' या जुन्या स्लूपवरून तोफा डागल्या गेल्या. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक लोक प्राणास मुकले. सरदार पटेलांच्या मध्यस्थीने २३ तारखेला खलाश्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्या सहा दिवसांत तिरंगा, हिरवा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र फडकत होते.

जेमतेम दीड वर्षात देशाची फाळणी झाली आणि नौदलाचीही वाटणी झाली. सहा नद्यांपैकी चार भारताच्या वाट्यास आल्या: सतलज, जमुना, कृष्णा व कावेरी. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानला गेल्या. वाटणी करणाऱ्यांनी नावे पाहिली नव्हती, टनांची बेरीज पाहिली होती. म्हणून सतलज ही पंजाबातून पाकिस्तानात जाणारी नदी भारताच्या नौदलात राहिली, आणि जिचा थेंबही त्या देशाला लागत नाही ती गोदावरी तिकडे गेली. तिकडच्यांनी नर्मदेची 'झेलम' केली आणि गोदावरीची 'सिंध'. नाव बदलणे त्यांच्या दृष्टीने योग्यच होते. योगायोग असा की, सिंधूही त्या स्नानसमयीच्या सात नद्यांतलीच. एका नावातून ती निघाली आणि त्याच प्रार्थनेतल्या दुसऱ्या नावापाशी जाऊन थांबली.

जहाजाला विचारावे लागत नाही; माणसांना विचारले गेले. पाकिस्तानच्या भागातील मुसलमानाला भारतीय दलात राहता येणार नव्हते आणि भारताच्या भागातील मुसलमानेतराला तिकडे जाता येणार नव्हते. बाकीच्यांनी निवड करावयाची होती. म्हणजे खरा पेच पडला तो रत्नागिरीच्या खलाश्यासारख्यांना. ज्या जहाजावर चार वर्षे झोपलो, ते कराचीला निघाले. ज्या घरी आई वाट पाहते, ते खाडीच्या काठी राहिले. एका कागदावर सही करून यांतले एक निवडावयाचे! असे कागद पुढे फायलीत जातात आणि फायलीत एकसारखेच दिसतात.

वाटणीचा कागद कसा तयार होतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दसऱ्याच्या दिवशी, आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. त्याआधीचे कित्येक दिवस कपाटे, खुर्च्या, जीपगाड्या, दप्तरे आणि कर्मचारी यांच्या याद्या करण्यात गेले. ही वाटणी एका घरातल्या भावाभावांची. लोकांच्या सोयीसाठी, शांततेत झालेली. १९४७ शी तिची तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. तरी एक सत्य दोन्हीकडे सारखे आढळले. यादी करणारा मनुष्य वस्तू मोजतो. वस्तूंना चिकटलेले जे असते ते मोजता येत नाही. वीस वर्षे एका टेबलाशी बसलेला कारकून आपले टेबल ट्रकमध्ये चढताना पाहत उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनातले कोणत्या परिशिष्टात दाखवावयाचे?

या वाटणीत आदिलाबादची गोदावरीही गेली. बासर निर्मल जिल्ह्यात, चेन्नूर मंचेरियाल जिल्ह्यात; आजच्या आदिलाबाद जिल्ह्याला तिचा काठ उरला नाही. २०१५ च्या जुलैतील पुष्कर हा आमच्या अखंड जिल्ह्याने पाहिलेला शेवटचा पुष्कर ठरला. मात्र बासरला जाणाऱ्या आमच्या एकाही भाविकाने 'आता ही नदी आपली नाही' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. लोक नदीवरचा हक्क सातबाऱ्यावरून ठरवीत नाहीत.

'सिंध' झालेली ती नौका १९५९ मध्ये भंगारात निघाली. तिची बहीण कावेरी मात्र १९६१ च्या गोवा मुक्तिसंग्रामात पोर्तुगीज युद्धनौका 'अफोन्सो द आल्बुकर्क'शी झुंजली. आणि गोदावरीचे नाव भारताच्या नौदलात पुन्हा आले: मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, भारतीयांनीच आराखडा केलेली फ्रिगेट 'आय.एन.एस. गोदावरी' १० डिसेंबर १९८३ रोजी सेवेत दाखल झाली. १९८८ मध्ये मालदीवमधून ओलिसांसह पळालेल्या भाडोत्री सैनिकांचे जहाज अडविण्यात ती आघाडीवर होती. बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर २३ डिसेंबर २०१५ रोजी तीही निवृत्त झाली.

पहिल्या गोदावरीचे सेवापुस्तक भारताने अर्धवट मिटले, कारण ती परक्याची झाली. पाकिस्तानने ते मधूनच उघडले, कारण आधीची सेवा दुसऱ्या नावाने झालेली होती. बदलीवर गेलेल्या कर्मचाऱ्याची मागील सेवा नव्या कचेरीने गृहीत धरावी, असा साधा नियम आहे. तो दोन देशांमध्ये लागू होत नाही. म्हणून सेशेल्सजवळचा तो ऑगस्ट दोन्हीकडे पोरका राहिला. तिच्यावरचे रत्नागिरीचे, पंजाबचे, बंगालचे आणि दक्षिणेचे खलाशी पगाराच्या एकाच हजेरीपटावर सही करीत होते, एवढी नोंद तरी आपण करून ठेवावी. म्हणून हा प्रपंच.