कचेरी घरीं आली

घर आणि कचेरी यांच्यामध्यें एक रस्ता असतो, अशी आम्हां सर्वांची लहानपणापासूनची समजूत. वडील सकाळीं त्या रस्त्यानें जात आणि सायंकाळीं त्याच रस्त्यानें परत येत. त्यांच्या वहाणांचा आवाज जिन्यावर ऐकूं आला म्हणजे घरांतील गोंगाट आपोआप एक पट्टी खालीं उतरे. गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ घरांपुरता हा रस्ताच नाहींसा झाला आहे. कचेरी उठून घरीं आली आहे, आणि तिला बसावयास जागा कोठें द्यावी या विवंचनेंत घरचीं माणसें आहेत.

कल्पना तशी जुनीच. १९७३ सालीं अमेरिकेंतील जॅक निलेस या गृहस्थांनीं असें सुचविलें कीं, माणसास कामाकडे नेण्यापेक्षां कामच माणसाकडे न्यावें. रस्त्यांवरील गर्दीहि कमी होईल आणि पेट्रोलहि वांचेल. आपल्याकडे मात्र ही रीत आली ती विचारानें नव्हे, तर भीतीनें. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, मुंबईच्या लोकलगाड्या सामान्य उतारूंस बंद झाल्या, आणि जो जेथें होता तेथेंच त्याची कचेरी झाली. ज्यांचें काम घरीं नेतां येण्याजोगें नव्हतें त्यांचे हाल आम्ही विसरूं शकत नाहीं. कचेऱ्यांत माणसेंच नाहींत म्हटल्यावर मुंबईच्या डबेवाल्यांनीं डबे कोणास पोंचवावे? त्यांतील कित्येकांस आपल्या गांवीं परतावें लागलें.

आम्ही शिक्षकहि त्यांतून सुटलों नाहीं. तांदळाच्या डब्यास मोबाईल टेकवून आम्हीं त्या वर्षीं भूमिति शिकविली. मागें कुकरची शिट्टी झाली कीं पलीकडून एखादा खट्याळ विद्यार्थी हटकून विचारी, "सर, आज काय बेत आहे?" असो. शाळा पुढें पुन्हा भरल्या. कचेऱ्या मात्र सर्वच परतल्या नाहींत. संगणकावर काम करणारीं पुष्कळ तरुण मंडळी आजहि आठवड्यांतील कांहीं दिवस, आणि कोणी तर सारेच दिवस, घरून काम करितात.

आमच्याच आळींत असा एक तरुण राहतो. त्याचे वरिष्ठ न्यूयॉर्कला असतात. तेथें सकाळचे ९ वाजतात तेव्हां आपल्याकडे उन्हाळ्यांत सायंकाळचे ६-३० झालेले असतात. नोव्हेंबर महिन्यांत ते लोक आपलीं घड्याळें एक तास मागें सारतात, मग तेच ९ आपल्या ७-३० ला वाजतात. घड्याळ सरतें अमेरिकेंत, आणि आमच्या आळींतील एका घरची भाकरी तासभर उशिरां तव्यावर पडते! हा तरुण कामाला बसण्यापूर्वीं स्नान करून इस्त्रीचे कपडे घालतो, पायांत वहाणा सरकवून कोपऱ्यावरील मारुतीपर्यंत जातो आणि परत येतो. "कामावर आलों," असें आईस सांगून मगच तो खुर्चीवर बसतो. प्रथम लोक हंसत असत. आम्हांस मात्र यांत शहाणपण दिसतें. हरवलेला रस्ता त्यानें दोनशें पावलांपुरता कां होईना, पुन्हा आंखून घेतला. काम संपलें कीं संगणकावर तो एक जुना पंचा झांकतो, आणि मग कोणाचाहि फोन आला तरी तो पंचा निघत नाहीं. फ्रान्सांत १ जानेवारी २०१७ पासून यासाठीं कायदा आहे: कामाच्या वेळेबाहेर नोकरास कितपत गांठावें याविषयीं मोठ्या कंपन्यांनीं नोकरांशीं बोलणीं केलीं पाहिजेत. आमच्या शेजाऱ्याचें काम तूर्त पंच्यावर भागतें.

परंतु तो अविवाहित आहे, आणि त्याच्या हातीं वाढलेलें ताट येतें. ही सोय सर्वांना कोठून असणार? २०१९ मध्यें सरकारनें देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. जे घरकाम करितात त्यांच्यांत स्त्रियांचीं दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात, तर पुरुषांचीं ९७, असें तीत आढळलें. कचेरी घरीं आल्यानें हीं मिनिटें आपोआप सारखीं वांटलीं जातील, ही आशा भोळी आहे. पुरुष घरून काम करूं लागला कीं घरांत साहेब येतो, स्त्री करूं लागली कीं "नाहींतरी घरींच आहेस ना!" हें वाक्य येतें. सोलापुरच्या विडी वळणाऱ्या बायकांना हें सांगावयास नको. पानें भिजविणें, कातरणें, वळणें हें सारें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या घरींच केलें. त्यांच्यासाठीं घरांत कोणी हलक्या आवाजांत बोलल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

या सर्वांत मुलांचें काय होतें, तें आम्हांस यंदा कळलें. आठवीचा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावरहि घरीं जात नसे. वक्तृत्वस्पर्धेचें भाषण तो प्रार्थनामंदिरामागील पायऱ्यांवर एकटाच मोठ्यानें म्हणत असे. विचारतां तो म्हणाला, "घरीं आईची कचेरी असते, सर." त्याची आई इंग्लंडांतील ग्राहकांशीं फोनवर बोलण्याचें काम करिते, उन्हाळ्यांत दुपारीं १-३० पासून, हिवाळ्यांत २-३० पासून, थेट रात्रीपर्यंत. खोल्या दोन. त्याचे वडील फिरतीवर. भिंतीपलीकडे कोणी मोठ्यानें बोललें तर तें सातासमुद्रापलीकडे ऐकूं जातें, म्हणून धाकटी बहीणसुद्धां खुणांनींच पाणी मागावयास शिकली आहे. आम्हीं शिपायास सांगून पायऱ्यांवरचा दिवा सातपर्यंत ठेवविला. त्याहून अधिक आमच्या हातीं नव्हतें.

परवां त्यानें सांगितलें कीं, आतां थोडी सोय झाली आहे. तिकडील दुपारच्या जेवणाच्या सुट्टींत, म्हणजे आपल्या सायंकाळीं, आईस अर्धा तास मिळतो. त्यांत ती प्रथम कणीक मळते आणि मग हात न धुतांच त्याचें भाषण ऐकावयास बसते. पुरें भाषण होत नाहीं. जेथें थांबलें तेथें तो वहींत पेन्सिलीनें रेघ ओढून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीं तेथून पुढें म्हणतो.