दहा बाय दहाची खोली आणि स्वस्तातला कॅमेरा

घरांचे फोटो काढायला कॅमेरा कोणता घ्यावा, असे आता मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारते. विचारणारी बहुतेक आपलीच मुले असतात. कुणी बारावी झालेला, कुणी आयटीआय केलेला, कुणाचा मामा नाहीतर चुलता इस्टेट एजंट. तुर्भे, सानपाडा, कोपरखैरणे या पट्ट्यात घरे भाड्याने देण्या-घेण्याचा धंदा बारमाही चालतो, प्रत्येक एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला फोटो हवे असतात, आणि मुलांची समजूत अशी की लाखभराचा कॅमेरा गळ्यात असल्याशिवाय हे काम मिळत नाही. परवा माझ्या बहिणीचा मुलगा मोबाइलवर एक कॅमेरा दाखवत म्हणाला, "खाला, फुल फ्रेम आहे, महिन्याला फक्त सात हजार." त्याच्या त्या 'फक्त'मुळे हे लिहायला बसले.

मी हे काम करते ते आसपासच्या घरांत. सिडकोच्या वन आरके आणि वन बीएचके, गावठाणातल्या चाळीवजा इमारती, आणि अधूनमधून एमआयडीसीतला एखादा गाळा. मला बोलावण्याचे एक कारण साधे आहे. घर रिकामे नसेल तर दुपारी घरात बायका आणि मुलेच असतात. अनोळखी तरुण मुलगा कॅमेरा घेऊन झोपायच्या खोलीत शिरलेला कुणालाच आवडत नाही, आणि यात हिंदू-मुसलमान असा फरक मी तरी पाहिलेला नाही. आपल्या भगिनींपैकी कुणाला घरच्या घरी चार पैसे कमवायचे असतील तर हे काम त्यांच्यासाठी बरे आहे. तसबिरीच्या मसल्यावरून ज्यांच्या मनात शंका असते त्यांनाही इथे अडचण नाही. या फोटोंत माणूस नसतोच. ओटा, खिडकी, मोरी, पंखा, बस.

भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पहिली पन्नास घरे मोबाइलवर काढ. आजकालच्या मध्यम किमतीच्या फोनमध्येही रुंद दिसणारी दुसरी लेन्स असते. पाचशे-सातशे रुपयांचा मोबाइल स्टँड घ्यायचा, स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघा चालू करायच्या, लेन्स स्वच्छ पुसायची आणि फोन छातीच्या उंचीवर अगदी सरळ धरायचा. फोन खाली किंवा वर कलला की भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. खराब वाटणाऱ्या दहा फोटोंपैकी आठांचा दोष एवढाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तसाही दाबून लहान होतो, तिथे फोन आणि कॅमेरा यांतला फरक फारसा उरत नाही. फरक पडतो तो वेबसाइटवर, छापील पत्रकात आणि खिडकीसमोर.

खिडकी ही या कामातली खरी परीक्षा. खोली अंधारी, बाहेर ऊन. खोली नीट दिसेल असा फोटो काढला की खिडकी पांढरीफटक होते, खिडकी सांभाळली की खोली काळी पडते. यावर उपाय असा, की कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून न हलवता तीन फोटो काढायचे, एक कमी उजेडाचा, एक मधला, एक जास्त उजेडाचा, आणि नंतर ते संगणकावर एकत्र करायचे. फोन हेच काम आपले आपण करू पाहतो, पण भिंतीचा रंग त्याच्या मर्जीने लावतो. उजेडाचा विषय निघालाच आहे तर, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसते, हे प्रयोगांनिशी मांडणारा आणि लहान छिद्रातून अंधाऱ्या जागेत येणाऱ्या उजेडाचा अभ्यास करणारा इब्न अल-हैसम हा बसऱ्याचा, ९६५ च्या सुमारास जन्मलेला. 'किताब अल-मनाझिर' त्याचाच. कॅमेरा म्हणजे आपल्या घरातल्या मुलांचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगते.

आता कॅमेरा. यात सगळ्यात महत्त्वाचे काय, तर बॉडी नव्हे, लेन्स. हिशेब भूमितीचा आहे. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहिले की दोन भिंतींमधला कोन ९० अंशांचा असतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, आडवी साधारण ६४ अंशच पाहते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही कोपऱ्याला कितीही चिकटा, एक भिंत अर्धी सुटणारच. कॅननची १०-१८ ची लेन्स १० मिलिमीटरवर ९७ अंशांच्या आसपास पाहते. दोन्ही भिंती येतात. आपल्याकडच्या लहान घरांसाठी पैसा घालायचा तो इथे.

फुल फ्रेमची गरज का नाही, तेही सांगते. मोठ्या सेन्सरचा फायदा कमी उजेडात आणि हलत्या गोष्टींत. लग्नात तो लागतो. घरात मात्र भिंती हलत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला, आयएसओ १०० आणि एफ ८ वर लावला, दोन सेकंदांचा टायमर दिला, की शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. फक्त पंखा बंद करायचा, नाहीतर त्याची पाती ढगासारखी उमटतात. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र जळत असतील तर दोन्ही विझवून खिडकीच्या उजेडावर काम करायचे, रंग आपोआप जागेवर येतात.

बॉडी सेकंडहँड घ्यावी. कंपन्या मिररलेसकडे वळल्यापासून जुने डीएसएलआर बरेच उतरले आहेत. कॅननचा २०१३ चा ७००डी किंवा २०१७ चा २००डी या कामाला पुरून उरतात. दोन्हींचा मागचा स्क्रीन बाहेर वळतो. ही चैन नाही. कॅमेरा कोपऱ्यात भिंतीला टेकवल्यावर त्याच्या मागे डोळा लावायला जागाच नसते, तेव्हा तो वळलेला स्क्रीनच कामी येतो. नायकॉन घ्यायचा असेल तर डी-५३०० बघावा. डी-३००० च्या मालिकेतले, म्हणजे डी-३४००, डी-३५००, स्वस्त मिळतात, पण त्यांत तीन उजेडांचे फोटो आपोआप घेण्याची सोय नाही. दर वेळी हाताने बदलायचे म्हणजे कॅमेरा हललाच. नायकॉनची स्वस्त १०-२० ची एएफ-पी लेन्स डी-५१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही, हे विकणारा सांगेलच असे नाही.

खरेदीला फोर्टमधल्या बोरा बाजारात जावे. तुर्भ्याहून वाशी, वाशीहून सीएसएमटी, पुढे पायी. सोबत एक छोटी टॉर्च न्यावी. लेन्समधून उजेड टाकून पाहिला की बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तशी लेन्स कितीही कमीत मिळाली तरी ठेवून यावी. शटर किती वेळा उघडले आहे ते विचारावे. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने धरतात. एका घराचे पंधरा फोटो, प्रत्येकी तीन, म्हणजे पंचेचाळीस. तीस हजार झालेली बॉडी घेतली तरी दीड हजार घरे निघतात.

ट्रायपॉडमध्ये मात्र काटकसर नको. हलका प्लास्टिकचा ट्रायपॉड शटरच्या झटक्यानेही थरथरतो. फ्लॅश नंतर घेतला तरी चालतो. आणि फोटो एकत्र करायला चोरीचे फोटोशॉप कशाला? कॅननचे स्वतःचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, डार्कटेबल आणि जिंप फुकट आहेत. हलाल रोजीच्या गोष्टी करायच्या आणि हत्यार चोरीचे ठेवायचे, हे मला पटत नाही.

पैशांचे म्हणाल तर बॉडी, लेन्स, ट्रायपॉड, कार्ड आणि जादा बॅटरी, सगळे मिळून मला चाळीस हजारांच्या आत पडले. ते आले दोन भिश्यांमधून. भाच्याच्या सात हजारांच्या हप्त्यावर 'नो कॉस्ट' असे लिहिले होते. ते कागद नीट वाचले तर व्याज त्यात असतेच. तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते, व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाकडून घेतात. आलिमांमध्ये यावर काय मते आहेत ते त्यांना विचारावे. माझे म्हणणे साध्या हिशेबाचे आहे. एका वन बीएचकेचे मला हजार रुपये सुटतात. महिन्याची पहिली सात घरे बँकेची, हे डोक्यावर असले की माणूस कुठल्याही एजंटला नाही म्हणू शकत नाही.

आणि नाही म्हणावे लागते. जिला जग वाशी मार्केट म्हणते ती घाऊक बाजारपेठ खरे तर तुर्भ्यात आहे. तिथल्या दाणाबाजारावरून जाताना मला नेहमी सहीह मुस्लिममधली ती हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर आपण (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणारा आमच्यातला नाही, अशी ताकीद दिली.

आमच्या धंद्यातले ओले धान्य म्हणजे ओली भिंत. नवी मुंबईच्या पावसात वरच्या मजल्यांना आणि पश्चिमेच्या भिंतींना ओल येते, पोपडे सुटतात. एक एजंट मला म्हणाला, "ताई, तो डाग तेवढा पुसून टाका, दोन मिनिटांचे काम आहे." दोन मिनिटांचेही नाही, तीस सेकंदांचे आहे. जिंपमध्ये एक ब्रश फिरवला की भिंत नवी. मी त्याला सांगितले, आधी भिंत दुरुस्त करून घ्या, मग मी पुन्हा येऊन फुकट फोटो काढते. त्याने मला पुन्हा बोलावले नाही. घरमालकिणीने मात्र दोन महिन्यांनी स्वतः फोन केला. तोवर तिने वॉटरप्रूफिंग करून घेतले होते.

मी रेषा अशी आखली आहे. खुर्चीवरचा टॉवेल, ओट्यावरची भांडी, दारातल्या चपला काढून ठेवणे म्हणजे घर आवरणे, ते करावेच. उजेड सारखा करणेही ठीक, डोळ्याला खोली तशीच दिसते. ओल, भेगा, ग्रिलचा गंज, समोरचा ट्रक टर्मिनल हे घराबरोबर येते, ते पुसायचे नाही. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा पारसिकचा डोंगर मे महिन्याच्या जाहिरातीतल्या खिडकीत चिकटवायचा नाही.

अवघड आहे ते लेन्सचे. जी १० मिलिमीटरची लेन्स घ्या म्हणून मी वर सांगितले, तीच खोटे बोलायला सगळ्यात पटाईत आहे. तिच्यात जवळचे फुगते आणि लांबचे पळते. दहा बाय दहाची खोली हॉल वाटते, कडेला आलेला फ्रिज कपाटाएवढा ताणला जातो. म्हणून शक्य तिथे मी १२ किंवा १४ वर येते, एक भिंत थोडी सुटली तरी चालेल. कडेला फर्निचर येऊ देत नाही. दरवाजा किंवा लोखंडी कपाट असे ज्याचे माप सगळ्यांना ठाऊक आहे ते एक तरी चौकटीत ठेवते. आणि टेपने मोजून खोलीची लांबी-रुंदी फोटोखाली लिहायला लावते. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांत कार्पेट क्षेत्र सांगणे बिल्डरला बंधनकारक झाले, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याला भरपाईही मागता येते. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या भाड्याच्या वन आरकेला त्याचा काही उपयोग नाही. तिथे फसतो तो गोवंडीहून किंवा महाडहून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, लेकरांना घेऊन घर बघायला आलेला माणूस. आपल्या लोकांना तर दोनदा फेरी पडते. घर फोटोत दिसते, नाव ऐकल्यावर सोसायटी देईल की नाही ते फोटोत दिसत नाही.

त्यावरूनच आणखी एक. काही एजंट सांगतात, भिंतीवरचा काबा शरीफचा फ्रेम काढून घ्या, गिऱ्हाईक बिचकते. माझा नियम सगळ्या घरांना एकच. कुटुंबाचे फोटो, मुलांच्या शाळेची ओळखपत्रे, औषधे, किल्ल्या, पत्ता असलेली बिले हे मी कुठल्याही घरातून काढायला सांगते, कारण ते घरच्यांचे खासगी आहे. तुघरा असो की गणपती, तो घरच्या बाईने स्वतःहून काढला तर काढला. मी हात लावत नाही आणि सांगतही नाही. मात्र आत शिरण्याआधी सलाम करून इजाजत घेते, आणि फोटो कुठे जाणार आहेत हे एजंटला नाही, घरच्या बाईला सांगते.

भाचा सध्या मोबाइलवर एकतिसाव्या घरापर्यंत आला आहे. भिशीत त्याच्या अम्मीचा नंबर जुलैत आहे. जुलैत लेन्स घेतली की ती थेट पावसात घरी येणार, म्हणून झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आत्ताच आणून ठेवायला सांगितल्या आहेत. तांदळात ठेवू नको म्हटले, तांदळाची भुकटी लेन्समध्ये जाते. कपाटात कपड्यांखाली तर मुळीच नाही. तुर्भ्याच्या दमट हवेत चार महिने तशी पडलेली लेन्स ऑक्टोबरात उघडली, तर टॉर्च लावायचीही गरज पडत नाही.