नकाशाचं वय

मागच्या श्रावणातली गोष्ट. मुळशी धरणाच्या पलीकडे एका वाडीवर माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे सत्यनारायण होता. मी पंचवीस वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. "आजोबा, तुम्ही फक्त बसा," म्हणत नातवाने फोन समोर लावला.

संध्याकाळ, धुकं आणि पाऊस. फोनमधली बाई सांगेल तिकडे वळत आम्ही डांबरी सोडून लाल मातीच्या वाटेला लागलो. रेंज गेली तरी निळा ठिपका चालतच होता. एका वळणावर नातवाने करकचून ब्रेक मारला. समोरची वाट सरळ पाण्यात शिरत होती! फोनच्या मते अजून बरंच पुढे जायचं होतं. क्षणभर उशीर झाला असता तर... असो.

मी भूगोलाचा मास्तर. सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं शीट पिशवीत होतंच. ते उलगडून मी ऐटीत म्हणालो, "बघ, यात ही वाट नाहीच." त्याने टॉर्च धरला आणि शांतपणे म्हणाला, "आजोबा, आपण ज्या डांबरी रस्त्याने आलो, तोही नाहीये यात!"

माझी ऐट तिथेच उतरली.

शेवटी गुरं घेऊन परतणाऱ्या एका म्हाताऱ्याने सोडवलं. "मास्तर, ही वाट उन्हाळ्यातली. पाणी खाली गेलं की गुरं उतरायची. आता तळं भरलंय." म्हणजे फोन खोटं बोलत नव्हता. तो मे महिन्यातलं ऑगस्टमध्ये सांगत होता, एवढंच.

दिवाळीत मर्चंट नेव्हीतला एक विद्यार्थी भेटायला आला. त्याला हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. "सर, समुद्रातही हेच होतं," म्हणाला. मोठ्या जहाजांवर २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नकाशे सक्तीचे झाले. सोय मोठी, पण सवय वाईट. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची शिडाची बोट मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकावर आदळली. खडक नकाशात होता, पण नकाशा लहान करून पाहिला की नीट दिसत नव्हता. मोठा करून पाहायचं राहून गेलं. नऊही जण वाचले, हे नशीब. कागदावर निदान आख्खा पट्टा एकदम डोळ्यांखाली येतो.

ग्रीनलंडकडे तर आणखी गंमत. तिथल्या काही किनाऱ्यांची मोजणी उपग्रहांच्या आधीची. तोच जुना कागद पडद्यावर चढवलेला. जीपीएस बोटीची जागा बिनचूक सांगतं, पण नकाशातला खडकच काही ठिकाणी शेकडो मीटर सरकलेला असतो. ठिपका खरा, नकाशा जुना!

"मग कागदच बरा?" मी आशेने विचारलं. त्याने आपल्या अभिलाष टॉमींची आठवण करून दिली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसला बंदी होती. कागदी नकाशे आणि सेक्स्टंट यांवरच भिस्त. दक्षिण हिंदी महासागरात वादळात बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. तेव्हा मदत पोचली ती उपग्रहाला संदेश पाठवणाऱ्या यंत्रामुळे. कागद तिथे काय करणार?

त्या रात्री मी शीट पुन्हा उघडलं. समासात सर्वेक्षणाचं साल छापलेलं आहे. मुलांना मी पस्तीस वर्षं सांगत आलो, "नकाशा वाचायची सुरुवात समासापासून करा." आणि त्या दिवशी मीच तो वाचला नव्हता. कागद आपलं वय सांगतो, विचारणारा हवा. फोन ते सांगत नाही. कालचा रस्ता आणि दहा वर्षांपूर्वीची वाट त्यात सारख्याच ताज्या दिसतात. म्हणून त्याच्यावर विश्वास चटकन बसतो.

आता नातू आला की फोन तोच लावतो, शीट मी धरतो. पण निघण्यापूर्वी वाडीवर फोन करून विचारतो, "पाणी कुठवर आलंय?"

मीही शेवटी जुनंच शीट. पण आता समास झाकून ठेवत नाही.