आमचं संयुक्त खातं

संयुक्त खातं उघडताना आम्ही बँकेत एक प्रश्न विचारतो : व्यवहार दोघांनी मिळून करायचा, की 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'? म्हणजे दोघांपैकी कुणीही, किंवा मागे उरेल तो. वीस वर्षं हा प्रश्न मी निर्विकार चेहऱ्याने विचारला. त्याचा खरा अर्थ कळला 2020च्या जूनमध्ये. टाळेबंदीमुळे शाळा घरात आली आणि घरातला एकुलता एक संगणक आम्हा तिघांचं संयुक्त खातं झाला.

तिघं म्हणजे दहावीतली कन्या, पाचवीतले चिरंजीव आणि अस्मादिक. सौभाग्यवतींना कंपनीचा लॅपटॉप होता. पण त्याला मुलांनी हात लावणं म्हणजे सोवळ्यातल्या आजीला शिवणं! एकदा मीटिंग चालू असताना ही कुकर बंद करायला उठली. तेवढ्यात चिरंजीवांनी तो आपलाच वर्ग समजून टाइप केलं, 'मॅडम, बाथरूमला जाऊ?' पलीकडून साहेबांचं उत्तर आलं, 'जा, पण लवकर या.'

बँका चालूच होत्या. आमच्या शाखेत मात्र निम्म्यांनी एक दिवसाआड यायचं होतं. घरी असेन त्या दिवशी मी संगणकावर बँकेचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचो. विषय : ग्राहकाला ताटकळत ठेवू नये. माझ्या खुर्चीमागे कन्या ताटकळत उभी असायची. मग निमूटपणे माझा मोबाइल उचलून स्वयंपाकघरात जायची आणि तूरडाळीच्या डब्याला तो टेकवून भूमिती शिकायची. चिरंजीव भोकाड पसरत, म्हणून त्यांना पाळी मिळे. काउंटरवर तरी वेगळं काय होतं? जो आरडाओरडा करतो त्याचं पासबुक आधी भरून मिळतं.

"मुलांना वेगळा संगणक घेऊ या," ही म्हणाली. मी पडलो बी.कॉम.! आधी कागद-पेन्सिल घेतली. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा. म्हणजे 40,000चा संगणक वर्षाने 24,000, दोन वर्षांनी 14,400 आणि तीन वर्षांनी 8,640! एवढ्या वेगाने तर माझे केससुद्धा गळले नव्हते. ठराव बारगळला.

आमचे अण्णा निवृत्त बँकवाले. संगणक आला की माणसं घरी जाणार, म्हणून ऐन उमेदीत बँकेच्या दारात घोषणा देऊन त्यांनी घसा बसवून घेतला होता. 1983 साली यंत्रं आणण्याबाबत युनियनचा करार झाला. पण अण्णांच्या मनाने त्यावर सही केलेली नव्हती. एके दिवशी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. नात मोबाइलवर कान लावून वर्तुळ काढत होती.

"अगं, बघत का नाहीस?"

"फळ्यावरची अक्षरं एवढ्याशा पडद्यावर दिसत नाहीत, आजोबा. बाई बोलतात त्यावरून मी आकृती काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी अण्णांची मुदत ठेवीची पावती होती.

"अण्णा, मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल," मी धंद्याला जागून बोललो.

"आणि पोरीचे डोळे मोडले तर किती मिळेल?"

यावर बी.कॉम.ला उत्तर नव्हतं. दुकानात तुटवडा होता. तीन आठवडे थांबावं लागलं. संगणक आला तेव्हा अण्णांनीच त्याला हळदकुंकू वाहिलं. 1983च्या करारावर एकदाची सही झाली! कन्या डाळीच्या डब्यापासून स्वतःच्या टेबलाशी आली.

आणि 2021च्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली!

"अण्णा, चाळीस हजार पाण्यात," मी म्हणालो.

"परीक्षा रद्द झाली रे," अण्णा म्हणाले, "शिकलेलं कुठे रद्द झालंय?"

मी गुपचूप कागद-पेन्सिल घेतली. शिकलेल्यावर दरसाल किती टक्के घसारा धरायचा, ते कुठल्याच तक्त्यात सापडेना.