राहून गेलेली नोंद

जयसिंगपूरच्या एका कापडव्यापारी कुटुंबात दर दोन वर्षांनी कारकळ-मूडबिद्रीच्या यात्रेला जाण्याचा प्रघात आहे. वाट ठरलेली असते. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, गोवा आणि काणकोण ओलांडून कारवार, आणि तेथून समुद्राच्या कडेकडेने 66 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असल्याने थांबेही आधीच ठरतात. पंचाहत्तरीतले अण्णा ते कागदावर उतरवून काढतात आणि कागदात नसलेला थांबा सहसा घेतला जात नाही.

गेल्या यात्रेत मात्र तो घेतला गेला. सदाशिवगड मागे टाकून, काळी नदीचा पूल ओलांडून गाडी कारवारात शिरली. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यालगत जमिनीवर उभी असलेली राखाडी युद्धनौका दिसताच मागच्या आसनावरून धाकटे बंधू तात्या म्हणाले, “अण्णा, अर्धा तास थांबायचं का?” इतक्या वर्षांच्या प्रवासांत तात्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितले नव्हते. अण्णांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली.

ती नौका म्हणजे ‘आयएनएस चपळ’. सोव्हिएत बनावटीची ही क्षेपणास्त्र नौका 1976 साली भारतीय नौदलात दाखल झाली, 2005 साली निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी राहिली. आतले दरवाजे अरुंद, जिने उभे. मोठ्या माणसाला वाकूनच जावे लागते. डेकवर क्षेपणास्त्रांची चार अवजड नळकांडी.

तात्या बोलू लागले आणि नातवंडे त्यांच्याभोवती गोळा झाली. याच जातीच्या पण आधीच्या तुकडीतल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौकांनी 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला केला. मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या या छोट्या नौका फार लांबचा पल्ला गाठणाऱ्या नव्हेत; म्हणून ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या मोठ्या युद्धनौका त्यांच्या सोबतीला होत्या. 4 डिसेंबर हा नौदल दिन पाळतात तो त्या रात्रीच्या स्मरणार्थ. तात्या हे सारे कागदाविना सांगत होते. ज्या माणसाने आयुष्यभर कापडाचे वार आणि उधारीच्या तारखा सांगितल्या, त्याच्या तोंडून अण्णा हे प्रथमच ऐकत होते.

आणि त्यांना 1976 साल आठवले. त्या वर्षी तात्यांना नौदलाच्या भरतीचे बोलावणे आले होते. वडील नुकतेच गेले होते. अण्णांनी एका वाक्यात विषय संपवला होता : “आपल्या घरातला मुलगा शस्त्र हातात धरणार नाही.” तात्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या गादीवर येऊन बसले आणि पुढे पंचेचाळीस वर्षे त्यांनी कीर्द-खतावणी लिहिली. ही नौका समुद्रात उतरली त्याच वर्षी तात्या गादीवर बसले होते.

पुढचा रस्ता अण्णांनी मुकाट्याने पाहिला. होन्नावरला शरावतीचा विस्तीर्ण पूल आला. मरवंथेला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मधून महामार्ग. मुलांनी नेहमीप्रमाणे आरडाओरडा केला. अण्णांचे लक्ष नव्हते. ते मनातल्या मनात एक जुनी नोंद तपासत होते. आक्रमणापासून रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा आणि जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा यांत आपल्या आचार्यांनी भेद केला आहे. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. हे त्यांना तेव्हाही ठाऊक होते. तरीही त्यांनी धर्म पुढे केला होता. खरे कारण वेगळे होते : दुकानाला माणूस हवा होता. दुकानाची गरज त्यांनी धर्माच्या खात्यावर लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकळच्या टेकडीवरच्या दगडी पायऱ्या दोघे भाऊ सावकाश चढले. 1432 साली उभारलेली, सुमारे 42 फूट उंचीची बाहुबलींची एकसंध मूर्ती समोर होती. भरत-बाहुबलींची कथा या घरात सर्वांना पाठ आहे. सैन्यांचा संहार नको म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरले, तिन्हींत धाकटा जिंकला आणि सर्व सोडून उभा राहिला. पण त्याच्या मनात एक शल्य उरले होते. थोरला भाऊ स्वतः चालत आला, नतमस्तक झाला, तेव्हा ते गेले. अण्णांनी ही कथा शेकडो वेळा ऐकली होती. त्यांचे लक्ष नेहमी धाकट्याच्या त्यागाकडे असे. थोरल्याच्या येण्याकडे त्या दिवशी प्रथमच गेले.

वंदना झाल्यावर ते म्हणाले, “तात्या, तुझं नौदल मी धर्मासाठी अडवलं नव्हतं. दुकानासाठी अडवलं होतं.”

तात्या थोडा वेळ मूर्तीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ते मला तेव्हाच कळलं होतं, अण्णा. दुकानासाठी म्हणाला असतात, तरी मी थांबलो असतो. फक्त विचारायला हवं होतं.”

अण्णांनी हात जोडले नाहीत, त्यांच्या डोळ्यांत पाणीही आले नाही. व्यापारी घरांत अशा गोष्टी घडत नाहीत. उतरताना मात्र त्यांनी तात्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

पुढच्या प्रवासाचा कागद आता तयार आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी 2002 पासून संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. कागदावर तिच्या नावापुढे अण्णांच्या अक्षरात लिहिले आहे : “पूर्ण दिवस. तात्यांना विचारून.”