रातीचा पहारा

डोंगराचे फोटो म्हटले की लोकांना दिवसाचे आठवतात. हिरवंगार रान, धबधबा, बुरुजावर उभं राहून हात पसरलेला कोणीतरी शहरी पोरगा. मी रातीचे काढतो. पुनवेच्या आगंमागं, शहापूर-मुरबाडकडच्या डोंगरांचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दोस्त विचारतात, मोर्च्यात घोषणा देणाऱ्या माणसाला ही चैन कुठनं सुचली?

मित्रांनो, रात आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. माझा आजा वेसकर. गाव झोपायचं, तो वेशीवर जागायचा. खळं दुसऱ्याचं, ढोरं दुसऱ्याची, पहारा आपला. बदल्यात उरलंसुरलं कोरकं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनावर बिल मांडलं, आणि वतन कायद्यानं मोडलं १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे आजानं उभी हयात चांदणं पाहिलं, पण हुकमानं. मी बघतो ते माझ्या मर्जीनं. फरक एवढाच, आणि तो लहान नाही.

आता सामान सांगतो, कारण 'आपल्याला कुठं परवडतं' म्हणून पोरं मागं सरतात. कॅमेरा जुना, दुसऱ्याच्या हातचा. तीन पायाचा स्टँड नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भाताचं तूस भरलं, वर मोडक्या पाटाची फळी. फळीला भोक, भोकात पाव इंची बोल्ट. कॅमेऱ्याच्या बुडाचा आटा पाव इंचीच असतो, हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट बसतो. फक्त लांबी मोजून घ्या, जास्त आत गेला तर बूड फोडतो. कॅमेरा उभा धरायला लोखंडी एल पट्टी. फळीवर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला. बा गवंडी होता, त्याचा ओळंबा घरात होता. फळी सरळ आहे की नाही ते तोच सांगतो.

हिशेब असा. पुनवेचा चंद्र सूर्याच्या साधारण चार लाखांव्या हिश्शाचा उजेड देतो. शंभरच्या जुन्या रोलवर, लेन्स ८ वर ठेवली तर एका फोटोला १६-१७ मिनिटं, आणि फिल्म लांब उजेडाला थकते म्हणून त्याहून जास्तच. सात फोटोंना दोन तास. तेवढ्यात चंद्र ३० अंश सरकतो, पहिल्या फोटोतली सावली शेवटच्या फोटोत जुळत नाही. डिजिटलवर आयएसओ १६००, लेन्स ५.६, वेळ ३० सेकंद. दर १८ अंशाला फळी फिरवायची, म्हणजे एका फोटोची कड दुसऱ्यात येते. बटण हातानं दाबलं की हलतं, म्हणून टायमर लावायचा. सगळं पाच मिनिटांत उरकतं. जोडायचं काम फुकटच्या सॉफ्टवेअरवर होतं.

मुरबाडकडून सह्याद्रीची भिंत पूर्वेला. चंद्र उगवतो तो भिंतीमागून, तेव्हा नुसता काळा आकार मिळतो. भिंत उजळते मध्यरात्रीनंतर, चंद्र पश्चिमेला कलला की. मार्गशीर्षात पहाटे तीनला बसा. डावीकडं माळशेज, मग नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, आहुपे, मच्छिंद्र-गोरख, उजव्या टोकाला सिद्धगड. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीनं कोरून ठेवलंय, कोणते यज्ञ केले, किती गायी, किती हत्ती, किती नाणी दक्षिणा दिली. ज्यानं पाथर फोडला त्याचं नाव कुठं वाचायला मिळत नाही. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीनं पडले. कोतवाल न्हाव्याच्या घरातले, शिकून वकील झालेले. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते.

शहापूरकडं माहुली. तिच्या सुळक्यांची नावं ऐका: नवरा, नवरी, करवली आणि भटजी. पाथराचं लगीन, तरी भटाशिवाय लागत नाही!

माहुलीवरनं खाली तानसा दिसतो. १८९२ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. पुढं त्याच तालुक्यातलं भातसाही गेलं. फोटोत ते पाणी कल्हई केलेल्या परातीसारखं चकाकतं. नैऋत्येला आभाळ तांबूस, तो कल्याण-ठाण्या-मुंबईचा उजेड. आणि मधे काळे डाग.

हा फोटो चार हात लांब छापून वस्तीतल्या विहारात लावला. शेजारची म्हातारी काठी टेकत आली, काळ्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "ही आपली वाडी नव्हं? पानी येवढं जवळ हाय, मंग टँकर कशाला येतो रं उन्हाळ्यात?"

तहसीलदाराला दिलेल्या अर्जाला तो फोटो जोडलाय. टँकर अजून येतो, अर्जही पुन्हा जातो. तुमच्या तालुक्यात धरण असेल, तर येत्या पुनवेला तुम्हीही गोणी भरा. दव पडतं, लेन्स पुसायला सुती फडकं ठेवा. आणि एकटे जाऊ नका, दोघंतिघं जा.