व्हॅलेंटाइनची परतफेड

व्हॅलेंटाइन डे म्हणजे नवऱ्याने बायकोला गुलाब द्यायचा, एवढंच मला ठाऊक होतं. धाकटा मुलगा योकोहामाला राहायला गेला तेव्हा कळलं, जपानात १४ फेब्रुवारीला चॉकलेट द्यायचं ते बायकांनी! ऑफिसातल्या पुरुषांना रीत म्हणून देतात ते ‘गिरी-चोको’, मनापासून देतात ते ‘होनमेई-चोको’. पुरुषांनी परतफेड करायची महिन्याने, १४ मार्चच्या ‘व्हाइट डे’ला. तिथल्या मिठाईवाल्यांनी १९८० पासून हा दिवस रुजवला. व्यापारीच ते!

२०२५ मध्ये सूनबाईने नातीला हाताशी घेऊन घरीच चॉकलेटं केली, फोनवर मला दाखवली. मी कौतुक केलं, पण मनात आलं, पुण्यातली चांगली नोकरी सोडून ही पोर त्याच्यामागे परदेशी गेली, त्याची परतफेड कुठल्या मिठाईने व्हायची?

१४ मार्चला चिरंजीवांनी रजा टाकली, नातीला सांभाळलं आणि सूनबाई नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आली. नोकरी काही मिळाली नाही. पण संध्याकाळी बोलताना तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला. आमच्या वेळी नवरे रजा टाकत ती गणपतीला नाहीतर लग्नकार्याला. बायकोच्या कामासाठी रजा? मला विचाराल तर होनमेई म्हणतात ते हेच.